थर्मल कॅमेरा, वडिलांचे पाय आणि २.२ अंशांचा हिशेब

प्रश्न: वडिलांचं वय ६४, मधुमेहाला सतरा वर्षं झाली. दोन्ही तळपाय बधिर आहेत. गेल्या वर्षी उजव्या पायाच्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली. भरायला चार महिने लागले. पुन्हा तसं होऊ नये म्हणून फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा घेतला. रोज संध्याकाळी ते फिरून आले की सोफ्यावर बसवून फोटो काढतो. कधी उजवा पाय लालभडक दिसतो, कधी दोन्ही निळे, कधी नुसती टाच पिवळी. तीनदा घाबरून डॉक्टरांकडे नेलं, तिन्ही वेळा काही निघालं नाही. ॲप एक ‘धोका गुण’ दाखवतं, तोही रोज वेगळा. आता वडील पाय पुढे करायलाच तयार नाहीत. कॅमेरा खराब आहे, की ही कल्पनाच फोल आहे?

उत्तर: कल्पना फोल नाही आणि कॅमेराही बहुधा ठणठणीत आहे. घोळ दोन ठिकाणी आहे. फोटोची वेळ चुकते आहे, आणि तुम्ही रंग वाचताय.

आधी हे का करायचं ते बघू, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच येतात. चवड्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडला की कातडीखालचा भाग आधी सुजतो, तिथे रक्त जास्त धावतं आणि ती जागा तापते. ज्याला संवेदना आहे तो माणूस इथेच लंगडायला लागतो, भार दुसऱ्या पायावर टाकतो, चप्पल बदलतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर त्याच चालीने चालत राहतो, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कातडी फुटते. न जाणवणाऱ्या दुखण्याची बातमी उष्णता देते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही बातमी मोलाची आहे, कारण एकदा भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण दहांत सुमारे चार आहे.

किती तापलं म्हणजे तापलं? डावी-उजवी तीच जागा ताडून बघायची आणि फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असला तर सावध व्हायचं. आकडा विचित्र वाटतो, कारण मूळ संशोधन फॅरनहाइटमध्ये झालं. तिथे तो सरळ ४ अंश होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जास्त धोक्याच्या २२५ रुग्णांना दीड वर्ष पाहिलं. नेहमीची काळजी घेणाऱ्या गटात १२.२ टक्क्यांना जखम झाली, रोज तापमान मोजणाऱ्या गटात ४.७ टक्क्यांना. २०१७ मध्ये तापमान मोजणाऱ्या चटईचा अभ्यास आला. याच २.२ अंशांच्या रेषेवर तिने ९७ टक्के जखमा आधी हेरल्या, सरासरी ३७ दिवस आधी. पण खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्के होतं. नीट बसवलेली यंत्रणा, फक्त याच कामासाठी केलेली, तरी इतके खोटे इशारे! सोफ्यावरच्या फोटोंनी तुम्हाला तीनदा पळवलं यात नवल काही नाही.

आता रंगांचं. थर्मल कॅमेरा रंग ठरवतो तो चौकटीत जे दिसतंय त्यातल्या सर्वांत गार आणि सर्वांत गरम गोष्टीवरून. चौकटीत फक्त पाय असले तर ३१ अंशांचा चवडा लालभडक दिसेल. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात फोनचा तापलेला चार्जर किंवा तुमचा स्वतःचा हात आला, की तोच ३१ अंशांचा चवडा हिरवा-निळा होईल. पायात काही बदललेलं नसतं, तापमानाची पट्टी सरकलेली असते. ॲपच्या सेटिंगमध्ये तापमानाची पट्टी ‘ऑटो’वरून काढून पक्की करता येते का बघा, २२ ते ३६ अंश ठेवली तर कालचा आणि आजचा फोटो निदान शेजारी ठेवता येतो. ही सोय नसेल तर रंगांकडे दुर्लक्ष करा आणि एखाद्या बिंदूवर बोट ठेवल्यावर जो आकडा येतो तोच घ्या.

आणखी एक फसवी गोष्ट. बरेच कॅमेरे साध्या फोटोच्या कडा थर्मल चित्रावर चढवतात, म्हणून चित्र आहे त्यापेक्षा रेखीव दिसतं. आतली माहिती ८०×६० किंवा १६०×१२० ठिपक्यांचीच असते. चौकटीची रुंदी अर्धा मीटर धरली तर १६० ठिपक्यांच्या कॅमेऱ्यात एक ठिपका साधारण ३ मिलिमीटरचा होतो, ८० च्या कॅमेऱ्यात ६ मिलिमीटरचा. भरवशाच्या आकड्यासाठी त्या जागेवर किमान ३×३ ठिपके पडावे लागतात, म्हणजे ८० वाल्या कॅमेऱ्यात करंगळीचा आकडा जवळजवळ अंदाजच. शिवाय दोन भिंगं शेजारी असल्यामुळे जवळून फोटो काढला की कडा आणि उष्णता एकमेकांवर नीट बसत नाहीत. बोट इथे आणि त्याची ऊब सेंटिमीटरभर बाजूला, असं दिसतं. कडा चढवण्याची सोय बंद करून टाका.

वेळ सकाळची ठेवा, पायात काही चढवण्याच्या आणि चालण्याच्या आधी. फिरून आल्यावर दोन्ही तळवे तापलेले असतात आणि ज्या पायावर भार जास्त तो जास्त तापतो. सोफ्यावर एक पाय मांडीखाली घेतला असेल तर आणखी वेगळं. सकाळीसुद्धा पांघरुणातून काढल्या काढल्या फोटो नको, एक पाय आत आणि एक बाहेर असतो. पाय उघडे ठेवून १५ मिनिटं थांबायचं. या पंधरा मिनिटांत तळवे जमिनीला, गादीला, एकमेकांना कशालाच टेकू द्यायचे नाहीत. पोटऱ्यांखाली उशी आणि टाचा पलंगाच्या कडेबाहेर, हे सगळ्यांत सोपं. आधी पाय धुतलेले नकोत, तेल किंवा क्रीम नको. ओल्या कातडीवरून पाणी उडतं आणि ती जागा खोटी गार दिसते. पंखा, एसीचा झोत, खिडकीतलं ऊन हे बंद किंवा बाजूला. खोली २२ ते २४ अंशांच्या आसपास असली तर उत्तम, नसली तर निदान रोज सारखी असू द्या.

जाड पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून त्यातून पाय बाहेर काढले तर मागचं तापलेलं शरीर चौकटीत येत नाही आणि तळव्यांची कड स्वच्छ दिसते. अंगठे छताकडे ठेवायला सांगा. आडवं पडल्यावर पाय आपोआप बाहेरच्या बाजूला कलतात आणि तिरप्या पृष्ठभागाचा आकडा कमी येतो. अंतर साधारण ६० सेंटिमीटर, कॅमेरा तळव्यांच्या अगदी समोर. ॲपने ‘एमिसिव्हिटी’ (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा) विचारली तर ०.९८ घाला, कातडीची तेवढीच असते.

दोन्ही पाय एकाच चौकटीत हवेत, यात तडजोड नाही. अशा कॅमेऱ्यांचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा २-३ अंशांनी इकडे-तिकडे असू शकतो. एकाच फोटोत दोन्ही पाय असले की चूक दोन्हीकडे सारखी लागते आणि वजाबाकीत निघून जाते. वेगवेगळे फोटो काढून वजाबाकी केली तर २.२ अंशांची सगळी गंमत त्या चुकीतच बुडते. कॅमेरा लावून पाच ते दहा मिनिटं चालू राहू द्या, मग फोटो घ्या. मधूनच ‘टक’ असा आवाज येतो, तेव्हा तो स्वतःची दुरुस्ती करत असतो आणि आकडे जरा उडी मारतात. फोटो त्या ‘टक’नंतर लगेच. तीन फोटो काढा आणि मधला आकडा धरा.

कॅमेऱ्याची परीक्षा एकदा घ्याच. आतल्या बाजूची, ऊन न लागणारी साधी रंगवलेली भिंत घ्या आणि तिचा फोटो काढा. पाय जिथे येतात तिथे, डावीकडे आणि उजवीकडे, आकडे वाचा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर तो कॅमेऱ्याचा आहे, भिंतीचा नाही. कडेकडे आकडा घसरणं या छोट्या कॅमेऱ्यांत नेहमीचं आहे, म्हणून पाय चौकटीच्या मध्याशी आणि मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवायचे.

मग वही. प्रत्येक पायावर सहा जागा: अंगठा, पहिल्या बोटाच्या (म्हणजे अंगठ्याच्याच) मुळाशी चवडा, तिसऱ्या बोटाच्या मुळाशी, पाचव्याच्या मुळाशी, तळव्याचा मधला भाग, टाच. जुनी जखम यांतल्या क्रमांक दोनच्या जागेवर आहे, ती गोल करून ठेवा. समजा तिसऱ्या बोटाच्या मुळाशी उजवीकडे ३१.६ आणि डावीकडे २९.१ आलं. फरक २.५. बाकी पाच जागांचे फरक अर्ध्या-पाऊण अंशाचे. आज काही करायचं नाही, फक्त ती जागा डोळ्यांनी नीट बघायची आणि बुटात हात घालून आत काही टोचतंय का चाचपायचं. उद्या ३१.२ आणि २८.६ आलं, फरक २.६. सलग दोन दिवस, तीच जागा. हा इशारा खरा धरायचा. एका दिवसाच्या फरकावर धावपळ करायची नाही, हा नियम पाळला असता तर तुमच्या तीन फेऱ्यांपैकी काही तरी वाचल्या असत्या. (अपवाद पुढे येतोय.)

पहिले दोन आठवडे नुसती नोंद करा. काहींचा एक पाय कायमच दुसऱ्यापेक्षा अंशभर गरम असतो. आधी भरलेल्या जखमेची जागा, पायाच्या फुगलेल्या शिरा, अर्धांगवायूचा जुना झटका, अशी कारणं असतात. वडिलांचा ‘नेहमीचा फरक’ किती हे कळलं की डॉक्टरांशी बोलून त्यांच्यापुरती रेषा थोडी सरकवता येते. स्वतःच्या मनाने सरकवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच बहुतेक घरी राहून जातं. इशारा आला की चालणं कमी करायचं. २०२१ मध्ये नेदरलँड्समधली मोठी चाचणी आली, ३०४ रुग्ण, दीड वर्ष. रोज तापमान मोजून जखमा ठोस प्रमाणात कमी झाल्याचं त्यात सिद्ध झालं नाही. पण तापलेली जागा सापडल्यावर ज्यांनी खरोखर चालणं कमी केलं, त्यांना फायदा झाला. फोटो काढून, घाबरून, पुन्हा त्याच चालीने फिरायला गेलं तर काय व्हायचं?

कमी म्हणजे किती? पावलं मोजा आणि निम्म्यावर आणा. फोनचा मोजणारा चालेल, फोन खिशात असेल तर. वडील दिवसाला ४००० पावलं चालत असतील तर २०००. संध्याकाळचा फेरफटका बंद, घरातल्या घरात बिनकामाच्या फेऱ्या बंद, उभं राहून करायची कामं बसून. घरातसुद्धा डॉक्टरांनी दिलेलं पादत्राणच, अनवाणी दोन पावलंही नकोत. चालणं कमी झाल्याने साखर थोडी चढू शकते. त्या दिवसांत ती जास्त वेळा तपासा आणि औषधात बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच. व्यायाम हवाच असेल तर बसून हातांचा. फरक पुन्हा २.२ च्या खाली येऊन दोन दिवस टिकला की हळूहळू वाढवत पूर्वपदावर.

इशारा खरा ठरला त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा पायांच्या तज्ज्ञांना फोन करून कळवा. आकडे सांगा, चित्र नको. तिथे घट्टा असेल तर तो तज्ज्ञाकडून तासून घ्यायचा. तेवढ्यानेच त्या जागेवरचा दाब सुमारे पाव हिश्शाने उतरतो. घरी ब्लेड लावायचं नाही, कुरूप काढायच्या औषधी पट्ट्या लावायच्या नाहीत (त्यातलं आम्ल बधिर पायाला जाळतं आणि कळतही नाही). तापलेली जागा चोळू नका, त्यावर बर्फ नको, शेक तर मुळीच नको.

अपवादाचं बोलू. पुढच्या गोष्टी दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. उघडी जखम, पू, वास, काळी पडलेली जागा, पसरत जाणारी लाली, ताप: त्याच दिवशी डॉक्टर, कॅमेरा बाजूला. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा आणि हाताच्या मागच्या बाजूने ऊब ताडा.

दुसरी गोष्ट, अख्खा एक पाय किंवा पंजाचा मधला भाग तापलेला, सुजलेला, जखम मात्र कुठेच नाही आणि दुखतंय तेही जेमतेम. याला शार्को फूट म्हणतात. बधिर पायातली हाडं आणि सांधे आतून ढासळायला लागलेले असतात. हा फोटो नेमका तुम्हाला ‘लालभडक’ वाटणारा असेल. सुरुवातीला साधा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये दिसतं, म्हणून ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ यावर सोडून देऊ नका. निदान होईपर्यंत त्या पायावर भार देणं पूर्ण बंद. उपचार गुडघ्यापर्यंतच्या प्लास्टरचा, आणि ते काढायचं कधी हे ठरवतानाही दोन पायांच्या तापमानातला फरक बघतात. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी एकच पाय सुजतो आणि तापतो, तेही त्याच दिवशी दाखवण्याचं.

तिसरी गोष्ट उलटी. सगळ्या सहा जागांवर एक पाय गरम आला तर दुसरा गार तर नाही ना, हा प्रश्न विचारा. वजाबाकी फक्त फरक सांगते, दोष कोणत्या पायाचा ते सांगत नाही. रक्तपुरवठा कमी झालेला पाय गार, फिकट, पोटऱ्यांत चालताना गोळे, रात्री दुखणारा असू शकतो. अशा पायात जखम होत असतानाही ती जागा पुरेशी तापत नाही, आणि आपला कॅमेरा गप्प बसतो. म्हणून हे साधन लावण्याआधी रक्तपुरवठा तपासलेला हवा: पायाच्या नाड्या, घोट्याचा आणि हाताचा रक्तदाब ताडून काढलेलं प्रमाण. जुन्या मधुमेहात धमन्यांमध्ये चुना साठून कडक होतात आणि हे प्रमाण खोटं चांगलं, १.३ च्या वर येतं. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा.

दोन्ही पाय एकाच जागी तापले तर? वजाबाकी शून्य. ज्याचा एक अंगठा काढलेला आहे त्याला ताडायला जोडीदारच नाही. बोटांच्या बेचक्या, बोटांच्या वरच्या बाजू, घोट्याची कड हे तळव्याच्या फोटोत येतच नाहीत, आणि बूट घासून होणाऱ्या जखमा तिथेच होतात. त्यामुळे डोळ्यांनी रोज पाय तपासणं कॅमेऱ्यामुळे सुटत नाही. कॅमेरा की डोळे, अशी निवड करायची वेळ आली तर आम्ही डोळेच निवडू.

ॲपचा ‘धोका गुण’ सोडून द्या. तो कशावरून काढला हे ॲप सांगत नसेल तर तो वहीत लिहिण्याच्या लायकीचा नाही. खरा धोका किती हे तज्ज्ञ दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूने आणि १२८ हर्ट्झच्या कंपनकाट्याने पायाची संवेदना तपासून, नाड्या बघून आणि मागचा इतिहास विचारून ठरवतात. आधी जखम झालेली असल्यामुळे वडील सर्वांत वरच्या गटात आहेत, आणि या गटाची तपासणी दर एक ते तीन महिन्यांनी व्हायला हवी. इशारा येवो न येवो.

कॅमेरा जमेनासा झाला तर साधा इन्फ्रारेड थर्मामीटरही चालतो. मूळच्या चाचण्या तशाच साधनाने झाल्या. त्याच सहा जागा, तीच पद्धत. कपाळाचा थर्मामीटर असेल तर तो ‘पृष्ठभाग’ मोडवर टाका. ‘शरीर’ मोडमध्ये तो कपाळावरून आतला ताप काढायचा हिशेब लावतो आणि ३० अंशांच्या तळव्यावर नुसतं ‘लो’ दाखवतो. लाल ठिपका दिसतो तेवढीच जागा मोजली जाते असं समजू नका. मोजली जाणारी जागा मोठी असते, त्यामुळे माहितीपत्रकात सांगितलेल्या सर्वांत कमी अंतरावर धरा आणि दोन्ही पायांवर अंतर सारखं ठेवा.

वडिलांचा वैताग समजण्यासारखा आहे. त्यांना चित्र दाखवणं थांबवा. पंधरा मिनिटं पाय उघडे ठेवून पडायचंच आहे, तर सकाळचा पेपर किंवा रेडिओ त्यातच बसवा आणि वही त्यांच्याच हातात द्या. आकडे तुम्ही वाचा, वजाबाकी ते करतील. पहिल्या दोन आठवड्यांत वहीतली बहुतेक पानं अर्ध्या-पाऊण अंशाने भरतील. ती कंटाळवाणी पानं पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवा आणि आमची रेषा २.२ वरच ठेवायची का, हे विचारा.